कोणत्या वयाच्या प्रेक्षकासाठी? लघुपट स्पर्धांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
वऱ्हाडात आणि उर्वरित महाराष्ट्रात विद्यार्थी लघुपट स्पर्धा भरवणारी महाविद्यालयं, संस्था, मंडळं आणि शासकीय विभाग यांस,



मी अचलपुरात मराठी शिकवते. दरवर्षी वर्गातली काही मुलं-मुली लघुपट करायचं मनावर घेतात आणि पटकथेची वही घेऊन माझ्याकडे येतात. कॅमेरा म्हणजे कुणाचा तरी मोबाइल, ट्रायपॉड उसना, आवाजासाठी शर्टाला लावायचा स्वस्तातला माइक. विषय मात्र इथलेच असतात. बंद पडलेली फिनले मिल, शकुंतला रेल्वे, मेळघाटातलं कुपोषण, कपाशीवरची फवारणी, सावकाराचं कर्ज, बापाची आत्महत्या, सातवीनंतर सुटलेली मुलीची शाळा. ही मुलं तुमच्या स्पर्धांच्या भरवशावर काम करतात, कारण तालुक्याच्या गावात लघुपट दाखवायला दुसरी जागा नाही. तुम्ही त्यांना अनोळखी प्रेक्षक मिळवून देता. स्मृतिचिन्हापेक्षा ते देणं मोठं आहे, आणि म्हणूनच तुमच्याशी मोकळेपणाने भांडावंसं वाटलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : लघुपट कोणत्या वयाच्या माणसाने बघायचा आहे, हा प्रश्न तुम्ही विचारत नाही. क्वचित विचारता तेव्हा चित्रीकरण, संकलन, सगळं आटोपल्यावर विचारता, आणि तोही विषयाच्या नावावरून. हा प्रश्न पटकथेच्या पहिल्या पानावर असायला हवा, आणि तो तिथे आणणं तुमच्या हातात आहे.

सुरुवात तुमच्या नियमावलीपासून करते. बहुतेक पत्रकांत एक ओळ असते : ‘लघुपट यू दर्जाचा असावा.’ काही ठिकाणी ‘सेन्सॉरसंमत असावा’ असंही वाचलं आहे. ही ओळ वाचून पोरं येतात आणि विचारतात, “मॅडम, हे यू कुठून काढा लागते जी?” एक मुलगा तर सेतू केंद्रात जाऊन चौकशी करून आला होता. उत्पन्नाचा दाखला तिथे मिळतो, जातीचा मिळतो, नॉन-क्रिमिलेअर मिळतो, तर हाही मिळेल असं त्याला वाटलं. त्याचं चुकलं कुठे? तुमच्या ओळीत त्याहून अधिक काही सांगितलेलंच नव्हतं.

ही ओळ नाटकाकडून आली असावी असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि नाट्यस्पर्धांच्या नियमावलीत ते कलम असतंच. तेच उचलून लघुपटाच्या पत्रकात ठेवलं गेलं. पण नाटकाची संहिता प्रयोगाआधी वाचली जाते. चित्रपटाचं तसं नाही. तो पूर्ण करून, संकलन-ध्वनी सगळं उरकून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळापुढे ठेवावा लागतो. तिथे दर्जा कळतो तेव्हा पैसे खर्च झालेले असतात, कलाकार आपापल्या कामाला लागलेले असतात, कपाशी उपटून झालेली असते. बदल करायचा म्हटला तरी शेत पुन्हा पुढच्या हंगामाशिवाय मिळत नाही. म्हणून ज्याला कुणाला लघुपट करायचा आहे त्याने ही दर्जांची भानगड आधी समजून घ्यावी, आणि ती समजावून सांगणारी एक ओळ तरी तुमच्या पत्रकात असावी.

भानगड म्हटलं, पण ती फार अवघड नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते फक्त केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देतं. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांवरच्यांसाठी. या दोन वर्गांची विभागणी १९४९ साली आली. १९८३ मध्ये मधला ‘यूए’ आला : बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा असा. त्याच वेळी ‘एस’ही आला, डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठीचा. पुढची चाळीस वर्षं हीच मांडणी चालली. मुकुल मुद्गल समितीने २०१३ मध्ये आणि श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये वयाचे टप्पे वाढवा असं सुचवलं होतं. अखेर २०२३ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे तीन भाग झाले : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील.

यात एक फरक तुमच्यापैकी अनेकांच्या ध्यानात येत नाही. ‘ए’ हे कायद्याचं बंधन आहे. अठराच्या आतल्या मुलाला ‘ए’ चित्रपट दाखवला तर दाखवणाऱ्यावर कायद्याने कारवाई होऊ शकते. ‘यूए’चे तिन्ही आकडे मात्र पालकांसाठी सूचना आहेत. सोळा वर्षांवरचा चित्रपट तेरा वर्षांच्या मुलीला दाखवायचा की नाही, हे तिच्या आई-बापाने ठरवायचं. म्हणजे कायद्याने हा निर्णय पालकाच्या हाती दिला आहे. तुमच्या सभागृहात पालक नसतात. शाळेने बसमधून आणलेली मुलं असतात. मग तो निर्णय कुणी घ्यायचा?

इंटरनेटवरच्या मंचांसाठी वेगळी व्यवस्था आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंच आपापल्या कार्यक्रमांना वयाचा दर्जा स्वतःच लावतात, आणि सात-तेरा-सोळा हे टप्पे आधी तिथेच आले. यूट्यूबवर विद्यार्थी स्वतः चित्रपट चढवतो तेव्हा आणखी निराळं. तिथे ‘हा व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवला आहे का?’ असं विचारतात. आपली पोरं सद्भावनेने ‘हो’ म्हणतात, कारण मुलांनीही बघावा असं त्यांना वाटत असतं. त्याबरोबर त्या व्हिडिओखालचे अभिप्राय बंद होतात आणि कुणी काही लिहीत का नाही म्हणून ती आठवडाभर उदास असतात. ‘मुलांनी बघितलं तर चालेल’ आणि ‘मुलांसाठी बनवलं’ यांतला फरक त्यांना कुणी सांगितलेला नसतो. पटकथेच्या वहीवर ‘पीजी-१३’ लिहून आणणारेही असतात. तो अमेरिकेतला दर्जा, १९८४ पासूनचा. इथे त्याला काही अर्थ नाही. पण त्या मुलाने निदान प्रेक्षकाच्या वयाचा विचार केला होता, म्हणून मी त्याला शाबासकीच दिली.

तेव्हा ‘यू दर्जाचा असावा’ या ओळीने तुम्हाला नेमकं काय हवं आहे? खरं प्रमाणपत्र हवं असेल तर तसं लिहा, आणि मुदत त्या हिशेबाने द्या. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावरून होतो, ७२ मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटात धरला जातो, महाराष्ट्रासाठी मुंबईचं प्रादेशिक कार्यालय आहे, आणि शुल्क भरावं लागतं. शेतकऱ्याचा चित्रपट म्हटला की त्यात बैलजोडी आलीच. तिच्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, तीही चित्रीकरणाच्या आधी घ्यायची. आजोबांच्या हातात बिडी असेल तर तंबाखूविरोधी सूचना दाखवाव्या लागतात. हे सगळं दहा मिनिटांच्या पहिल्या लघुपटाकडून मागणं मला रास्त वाटत नाही. पण ‘अश्लील काही नको’ एवढंच म्हणायचं असेल, तर त्यासाठी ‘यू’ हे अक्षर वापरू नका. त्याने पोरं घाबरतात आणि शिकत काहीच नाहीत.

आता सभागृहाकडे येते. इथे माझी तक्रार अधिक गंभीर आहे.

आपल्या भागातल्या एका स्पर्धेत मी मुलांबरोबर गेले होते. सकाळच्या सत्रात गर्दी हवी म्हणून जवळच्या शाळेतली सहावी-सातवीची मुलं आणली होती. पुढे सतरंजीवर ती बसली, मागे खुर्च्यांवर आम्ही. तिसरा की चौथा लघुपट आत्महत्येचा होता. कडुनिंबाची फांदी, दोर, गाठ मारणारे हात, स्टूल, मग पाय. पाय बराच वेळ पडद्यावर होते. मागून टाळ्या पडल्या, कारण विषय जिव्हाळ्याचा होता आणि छायाचित्रण खरोखर चांगलं होतं. पुढच्या मुलांपैकी एकाच्या घरी हेच घडलेलं होतं. त्याच्या वर्गशिक्षिकेला ते ठाऊक होतं. आत काय दाखवणार आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आत काय आहे ते ठाऊक होतं, पण सतरंजीवर कोण बसलंय ते ठाऊक नव्हतं. वऱ्हाडातल्या कुठल्याही शाळेच्या कुठल्याही तुकडीत असं घर सापडू शकतं. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुम्हीही इथलेच.

त्याच स्पर्धेने मुलीच्या पहिल्या पाळीवरचा एक लघुपट बाद केला होता. माझ्या विद्यार्थिनींचा नव्हता, दुसऱ्या गावच्या मुलींचा होता. मी नंतर पाहिला. आई, मुलगी, न्हाणीघराचं बंद दार, दोरीवर लुगड्याखाली लपवून वाळत घातलेला कपडा, आणि शेवटी मुलगी तोच कपडा उन्हात टाकते. एवढंच. बाद करण्याचं कारण फोनवर सांगितलं होतं : “जरा ए टाइप वाटते, घरच्यांसोबत बघता येणार नाही.” सातवीतल्या मुलींना बघण्यासारखा, किंबहुना सातवीतल्या मुलींसाठीच असावा असा चित्रपट बाहेर राहिला, आणि सोळा वर्षांखालच्या कुणालाही एकट्याने बघू देऊ नये असा चित्रपट सातवीच्या मुलांना दाखवला गेला. हे कुणी मुद्दाम केलं नाही, हे मी जाणते. विषय ऐकला आणि दर्जा ठरवला, यातून हे घडलं. आत्महत्या म्हणजे सामाजिक संदेश, पाळी म्हणजे ‘ए टाइप’.

वयाचा दर्जा विषयावरून ठरत नाही, मांडणीवरून ठरतो. हे माझं मत नाही. २०२१ च्या नियमांच्या परिशिष्टात वर्गीकरणाची तत्त्वं दिली आहेत, त्यात हे स्वच्छ आहे : कोणताही विषय कसा हाताळला आहे, त्यावर त्याचं वर्गीकरण बरंचसं अवलंबून राहील. तिथे पाहायच्या गोष्टीही दिल्या आहेत. भेदभाव, नशा आणि धूम्रपान, भाषा, नग्नता, लैंगिकता, हिंसा, भीती. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, मुलं ज्याचं अनुकरण करू शकतील असं वर्तन. आत्महत्या आणि स्वतःला इजा करून घेणं यांचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. असं चित्रण असेल तर वरचा दर्जा द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ते परिशिष्ट ओटीटीसाठी आहे, कॉलेजच्या सभागृहासाठी नाही, हे मान्य. पण विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला इतकी सोपी यादी दुसरी मला माहीत नाही. मी ती मराठीत करून वर्गाच्या भिंतीवर लावली आहे.

ती लावल्यापासून पटकथेवरच्या आमच्या चर्चा बदलल्या. आत्महत्येचीच पटकथा घ्या, कारण दर दोन वह्यांत एक तीच असते. फवारणीच्या औषधाची बाटली, लेबलवरचा लाल रंग, झाकण उघडणारा हात, घोट, तोंडाला फेस, अंगणात तडफडणं. असं लिहिलं की मी विचारते, हे कोणाला दाखवणार? “सर्व्यायले, मॅडम.” मग सर्वांना दाखवायचं तर यातलं काय लागतं, यावर बोलणं सुरू होतं. एका मुलीने सुचवलं की बाटली दाखवूच नये, माच्यावरची तिची रिकामी जागा दाखवावी. बायको स्वयंपाक करताना वर बघते आणि हातातलं टाकून धावते. प्रसंग तोच, पण कृती दिसत नाही, रीत कळत नाही. मला वाटतं हा चित्रपट तेरा वर्षांच्या मुलाने बघायला हरकत नसावी. दुसऱ्याने गोष्ट घटनेनंतर सुरू केली. बाई बँकेच्या रांगेत उभी आहे, पासबुकावर नवऱ्याचं नाव आहे, साहेब मृत्यूचा दाखला मागतो, आणि मुलगा बाकावर बसून आईला विचारतो की बाबांचं नाव यातून खोडणार का. हा तर सातवीच्या मुलांसमोर लावता येईल, आणि मागच्या खुर्च्यांवरच्या मोठ्या माणसांना तो पहिल्यापेक्षा जास्त लागेल. तीन वह्या, एकच विषय, तीन वेगळी वयं. निवड विद्यार्थ्याची. पण ती चित्रीकरणाआधी करायची निवड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवाल्यांसाठी याच विषयावर मार्गदर्शिका काढली. तिचाही रोख असाच आहे : कृती आणि पद्धत दाखवू नका, आत्महत्येला एकच कारण चिकटवू नका, माणूस संकटातून बाहेर येऊ शकतो हे दिसू द्या, मदत कुठे मिळते ते सांगा. आपल्याकडे २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी आहे. तुमच्या महोत्सवात या विषयावरचा लघुपट दाखवाल तेव्हा शेवटच्या पाटीनंतर हा क्रमांक पडद्यावर येऊ द्या. दिग्दर्शकाने टाकला नसेल तर तुम्ही टाका.

कुणी म्हणेल, मग पोरांनी सगळं मऊ मऊच दाखवायचं का? नाही. तसं मला मुळीच म्हणायचं नाही. अठराच्या पुढच्यांसाठीचा चित्रपट करायचा हक्क अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यालाही आहे. शेतकरी आत्महत्येच्या बाजारावरचा ‘पीपली लाइव्ह’ २०१० साली ‘ए’ प्रमाणपत्र घेऊनच आला, आणि तो मोठ्यांनी बघावा असाच होता. वऱ्हाडी बोलीतल्या शिव्या घ्या. आपल्याकडे शिवी रागातच येते असं नाही, लाडातही येते, आणि ती पूर्ण काढली तर पात्र पुणेरी वाटू लागतं. जातिवाचक शिवीचं प्रकरण निराळं आहे. ती कोण देतो, कुणाला देतो आणि चित्रपट कुणाच्या बाजूने उभा आहे, हे पाहावंच लागतं. विद्यार्थ्याने ‘हा सोळाच्या पुढच्यांसाठी आहे’ असं पहिल्या पानावर लिहिलं असेल तर त्या वयाला पेलेल तेवढं दाखवायचं स्वातंत्र्य त्याला मिळायला हवं. माझा आग्रह त्याने ते आधी लिहावं इतकाच आहे, आणि तुम्ही ते वाचून त्याला योग्य सत्र द्यावं.

काही परीक्षकांची सवय इथे आड येते. नको तेवढं दाखवलं की ‘धाडसी मांडणी’ म्हणून गुण मिळतात. पोरं हुशार आहेत, पुढच्या वर्षी ती दोर आणखी जवळून दाखवतात. हे धाडस नाही हे परीक्षकांनी मंचावरून सांगावं. बक्षीस देताना सांगितलेलं वाक्य पोरं वर्षभर लक्षात ठेवतात.

उलट टोकाचंही बघितलं आहे. आयोजकांनी एका लघुपटातला आवाज मध्येच बंद केला, दिग्दर्शकाला न विचारता. विद्यार्थी पहिल्या रांगेत होता. तिथेच त्याला कळलं की आपल्या चित्रपटातलं एक वाक्य गेलं. हे करू नका. देशाच्या प्रमाणन मंडळालासुद्धा काय कापायचं ते निर्मात्याला लेखी कळवावं लागतं, आणि निर्माता त्याविरुद्ध दाद मागू शकतो. ख्वाजा अहमद अब्बास यांचं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते, कारण तोही लघुपटच होता, दोन रिळांचा अनुबोधपट : ‘चार शहर एक कहानी’. शहरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा, मुंबईतल्या वेश्यावस्तीचं दृश्य असलेला. मंडळाने ‘ए’ दिलं. अब्बासना ‘यू’ हवं होतं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सुनावणी चालू असताना सरकारने कापाकापीविना ‘यू’ द्यायची तयारी दाखवली, पण प्रश्न तत्त्वाचा म्हणून अब्बास थांबले नाहीत. १९७० च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी आणि वयानुसार वर्गवारी दोन्ही वैध ठरवली. म्हणजे तत्त्वावर ते हरले. पण दोन रिळांच्या चित्रपटाच्या वयाच्या दर्जासाठी देशाच्या सरन्यायाधीशांसमोर वाद झाला आणि त्यावर कारणांसह निकाल लिहिला गेला. आमच्या पोरांना तुमच्याकडून दोन ओळींचं कारण लेखी मिळावं, एवढं मागणं जास्त नाही.

प्रमाणपत्राविना चित्रपट महोत्सवांत दाखवायचे तर केंद्र सरकारची सूट लागते, आणि २०१७ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट व लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना ती नाकारली गेली होती. असे प्रसंग पाहिले की वयाच्या वर्गवारीचं नाव काढलं तरी चित्रपटवाले सावध होतात. ते साहजिक आहे. मीही त्या तिघांच्या बाजूची आहे. पण मोठ्यांनी काय बघू नये हे सरकारने ठरवणं वेगळं, आणि अकरा वर्षांच्या मुलासमोर काय ठेवायचं याचा विचार आपण करणं वेगळं. पहिल्याला विरोध करणाऱ्यांनी दुसरं अधिक काळजीने करायला हवं.

आणखी एक बाब, जी दर्जाच्या चर्चेत नेहमी निसटते : पडद्यावरची मुलं. चित्रपट प्रौढांसाठी असला तरी त्यात काम करणारं मूल मूलच असतं. बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, आणि चित्रीकरणाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मेळघाटातल्या कुपोषणावर चित्रपट करायचा म्हणून खऱ्या आजारी बाळाच्या उघड्या फासळ्यांवर कॅमेरा नेणारी वही माझ्याकडे आली होती. करणारा मुलगा कळवळ्याने करत होता. मी त्याला विचारलं की हे बाळ मोठं होईल, तेव्हा यूट्यूबवर स्वतःला असं बघेल का? त्याने ते दृश्य काढून अंगणवाडीतला वजनकाटा आणि ताईंच्या वहीतला आकडा घेतला. लहान मुलांनी काम केलेल्या लघुपटाबरोबर आई-वडिलांची लेखी संमती तुम्ही मागितलीत, तर असे प्रश्न दरवेळी कुणा मॅडमने विचारावे लागणार नाहीत.

आता मागणं. प्रवेश अर्जात एक रकाना वाढवा : ‘हा लघुपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकासाठी आहे आणि का?’ चार ओळी पुरेत. विद्यार्थ्याने स्वतः सात, तेरा, सोळा, अठरा किंवा सर्वांसाठी असं लिहावं. तुमच्या निवड समितीने ते तपासावं. पटलं नाही तर त्याच्याशी बोलावं, आणि बदललं तर कारण लेखी द्यावं. वेळापत्रक वयानुसार लावा. शाळेची मुलं बोलवायची तर सकाळचं सत्र त्यांच्यासाठी निवडा आणि यादी मुख्याध्यापकांकडे आधी पाठवा, दोन वाक्यांत आशय लिहून. सोळाच्या पुढचे लघुपट दुपारनंतर ठेवा आणि दारात कुणीतरी उभं करा. प्रत्येक लघुपटाआधी निवेदकाने त्याचं वय आणि त्यात काय आहे ते सांगावं : ‘यात मृत्यूचं दृश्य आहे’, ‘यात मारहाण आहे’. एक वाक्य लागतं. ज्याला उठून जायचं असेल तो जाईल.

आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्या, तालुक्याच्या ठिकाणी. अमरावती-अकोल्यातच सगळं झालं की आमची अचलपूर-परतवाड्याची, धारणीची, चांदूर बाजारची पोरं पोचत नाहीत. कॅमेरा कसा धरायचा हे ती मोबाइलवर शिकतात. प्रेक्षक कोण, हे त्यांना कुणी शिकवत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हाही अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असतानाच केलेला लघुपट, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो या मुलांनी पाहिलेला असतो, त्यांना तिथे पोचायचं असतं. कार्यशाळेला कुणी तयार होत नसेल तर मला कळवा, भिंतीवरची यादी घेऊन मी येईन. मानधन नको.

हिवाळ्यातल्या स्पर्धांची पत्रकं दिवाळीच्या आसपास छापायला जातात. त्याआधी ‘लघुपट यू दर्जाचा असावा’ ही ओळ काढून तिथे वयाचा रकाना घाला, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
मराठीची एक प्राध्यापिका,
अचलपूर, जि. अमरावती